पाचशेच्या चेकचे पाचशे एक

अरविंद गेल्याचं शैलावहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "दुकान बंद ठेवून कशाला गेला होता तिकडे?" सांत्वनाची ही रीत नव्हे. पण दहा वर्षं मी त्या माणसावर चिडतच आलो. ऐन वेळी दुसरं काही सुचलं नाही...

अबुधाबीजवळ मुसफ्फात त्याचं किराण्याचं दुकान. आजूबाजूच्या कामगारांना पगार चेकने मिळायचा, सुट्टी फक्त शुक्रवारी आणि शुक्रवारी बँक बंद. म्हणून गुरुवारी संध्याकाळी सगळे अरविंदकडे. चेक ठेवून घेऊन तो रोख द्यायचा. कमिशन नाहीच, उलट पदरचा एक दिरहम वर. म्हणजे दर माणशी बारा-तेरा रुपये! "कष्टाचा पैसा शून्यावर संपवू नये रे," म्हणायचा. पुढे चेक वटवणाऱ्या दुकानांची चौकशी सुरू झाली : हे दुकान, की परवाना लागणारा पैशांचा धंदा? परवान्यांची कागदपत्रं करणं हा माझा व्यवसाय, म्हणून मी त्याला पढवलं, "कमिशन घेत नाही एवढंच सांग. आणि वही ठेव, सगळं खरं लिही." त्याने खरंच सगळं लिहिलं.

तपासनीसाने वही उघडली. चेक पाचशेचा, दिले पाचशे एक. चेक सातशेचा, दिले सातशे एक. "हबीबी, ये एक ज्यादा क्यों? इनका पैसा रखके ब्याज देते हो?"

"नहीं साब, शगुन है."

मी कपाळावर हात मारला. शगुन कुठल्या फॉर्मात भरायचा? चेक बंद, नाहीतर दुकान बंद, असा निकाल झाला. दुकान गेलं की व्हिसा गेला, मुलींची शाळा गेली. बाहेर येऊन मी कडाडलो, "तो एक लिहायची काय गरज होती?"

"तूच म्हणालास ना, सगळं खरं लिही."

चेक त्याने बंद केले. पण दर गुरुवारी सकाळी फोरमनची मनधरणी करून, दुकानाला कुलूप लावून, चार-पाच जणांना पिकअपमधून बँकेत न्यायला लागला. मी भांडलो, तर म्हणे, "याला परवाना लागतो का?" त्या बँकेच्या रांगेतच त्याला अटॅक आला.

गेल्या गुरुवारी मी वहिनींना त्याच्या खात्याच्या कामासाठी बँकेत नेणार होतो. बिल्डिंगखाली कामाच्या कपड्यांत चौघे उभे. "भाभी का बँक का काम है ना, साब? साथ चलेंगे."

"अरे, आज की हाजिरी कटेगी! अक्कल है कि नहीं?" मी ओरडलो, अगदी अरविंदवर ओरडायचो तसा. कुणी जागचं हललं नाही. मी गाडीचं दार उघडलं आणि मला रडू आवरेना.