आईची तोंडी परीक्षा

शाळाप्रवेशाच्या परीक्षेत मी पास झाले आणि माझी आई नापास झाली, म्हणून मला पहिल्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. हे सांगितलं की लोक दोनदा विचारतात, आणि दोन्ही वेळा माझा गोंधळ उडतो. साठ सालाच्या आगेमागची गोष्ट. मी तेव्हा सहा वर्षांची होते.

आम्ही बंगळूरच्या चामराजपेठेतले. घराणं इकडे येऊन इतक्या पिढ्या झालेल्या की आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे तोंडावर रुमाल धरायचे. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. थोडं थांबला ‘स्वल्प थांब’ आणि बरं, बरंला ‘सरी, सरी’ हे कानडी आम्हाला मराठीच वाटायचं. इंग्रजी मात्र घरात एकट्या अण्णांची होती. ते सरकारी कचेरीत कारकून होते. मुलीला दंडूतल्या, म्हणजे कँटोन्मेंटातल्या, सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत घालायचं त्यांच्या मनानं घेतलं. आईच्या मनानं तर ते आधीच घेतलं होतं. तिची शाळा चौथीत सुटली होती. कचेरीतलं कुणी घरी येऊन अण्णांशी इंग्रजीत बोलू लागलं की ती दाराआड उभी राहून ऐकायची. आपल्या मुलीला असं दाराआड उभं राहावं लागू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते तिनं मला एकदाच सांगितलं.

त्या शाळेचा नियम अजब होता. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलत नाहीत त्या मुलांची तोंडी परीक्षा, आणि मुलाबरोबर आईचीही. मूल दुपारी घरी आलं की त्याचा अभ्यास कोण घेणार, हे त्यांना बघायचं होतं. बापाला आत यायची परवानगीच नव्हती. अण्णांचा तिळपापड झाला. घरात इंग्रजी येणारा एकच माणूस आणि त्यानंच फाटकाबाहेर सायकल धरून उभं राहायचं, हा कुठला न्याय, असं ते आठवडाभर म्हणत होते.

शेजारी टायपिंग शिकवणाऱ्या एक ख्रिस्ती बाई राहायच्या. त्यांनी आईला तीस प्रश्न काढून दिले आणि उत्तरं कन्नड अक्षरांत लिहून दिली. आईनं महिनाभर ती घोकली. सांबाराला फोडणी देताना ती चुलीला सांगायची, आय लिव्ह इन चामराजपेट. नवऱ्याचं नाव काय, हाही एक प्रश्न यादीत होता, पण तिथे आई थांबायचीच नाही, सरळ पुढच्यावर जायची. त्यात शिकवण्यासारखं काही आहे असं बाईंनाही वाटलं नसावं.

परीक्षेच्या दिवशी बसमध्ये आईनं मला बजावलं, "तुला विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मी बोलताना तू मध्ये बोललीस तर त्यांना वाटेल, आईला येत नाही." मी मान डोलावली. अण्णा सायकलवरून मागून येत होते.

आमच्या आधी एक गोरी बाई आपल्या मुलीला घेऊन आली होती. तिचा नवरा जर्मनीहून कुठल्याशा कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला. तिला इंग्रजी येईना. गोऱ्या माणसाला इंग्रजी येत नाही हे माझ्या डोक्यातच शिरेना; मला वाटलं, ती सोंग करतेय. ती रडकुंडीला आली तेव्हा मोठ्या सिस्टरनं तिला पाणी दिलं आणि मुलीला घेऊन टाकलं. परदेशातून आलेल्यांना वर्षभराची सवलत होती, असं अण्णांनी नंतर सांगितलं. आम्हाला नव्हती. आम्ही इथलेच ना, म्हणून आम्हाला इंग्रजी आलीच पाहिजे होती. हा हिशेब मला आजतागायत कळलेला नाही.

मग आमची पाळी. मला फळ्याचा रंग विचारला, खिडक्या मोजायला लावल्या. मी सगळं सांगितलं. मग सिस्टर आईकडे वळली. नाव, पत्ता, मुलं किती. आईनं अशी फाडफाड उत्तरं दिली की मला तिचा अभिमानच वाटला. तेवढ्यात सिस्टरनं विचारलं, "व्हॉट इज युवर हजबंड्स नेम?"

आणि आई गप्प झाली.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, पोस्टमननं, कुणीही विचारलं की आई माझ्याकडे बघायची आणि मी अण्णांचं नाव ठणकावून सांगायचे. ते माझं ठरलेलं काम होतं. तिथेही तिनं माझ्याकडे बघितलं. पण सकाळी तिनंच मला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. तिचे डोळे म्हणत होते बोल, आणि बसमधली ताकीद म्हणत होती बोलू नको. मी माझ्या बुटांकडे बघत राहिले. सिस्टरनं प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश आणि जरा मोठ्यानं, बहिऱ्याला विचारावा तसा. आईनं पदर सारखा केला, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी मूग गिळून बसले. बावळट कुठली! अजूनही आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

सिस्टर शेजारच्या सिस्टरला हळूच म्हणाली की बिचारीला एक अक्षर समजत नाही. इंग्रजीतच म्हणाली. आईला ते पुरतं समजलं होतं. तिचे कान लाल झाले, ते मी पाहिलं.

फाटकाबाहेर अण्णांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "मी विसरले." बस, एवढंच. पुढे वर्षभर अण्णा आल्यागेल्याला रंगवून सांगायचे की महिनाभर घोकून हिची आयत्या वेळी दातखीळ बसली. आई हसण्यावारी न्यायची. खरं काय ते मला ठाऊक होतं, तरी मी ते कुणाला सांगितलं नाही. आई का सांगत नाही तेच मला कळत नव्हतं, मग मी कशी सांगणार?

मला आमच्या गल्लीतल्या कन्नड शाळेत घातलं. एका दुपारी मी धीर करून आईला विचारलं, नाव घेतलं तर काय होतं? ती म्हणाली, त्यांचं आयुष्य कमी होतं. किती कमी होतं? ते तिला माहीत नव्हतं. रेशनच्या दुकानात मी ते नाव किती वेळा घेतलं होतं! मुलांनी घेतलेलं चालतं, ती म्हणाली. मुलांनी घेतलं तर का चालतं, तेही तिला माहीत नव्हतं. मग मी विचारलं, आणि इंग्रजीत घेतलं तर? आई तांदूळ निवडायची थांबली. मग म्हणाली, "नाव तर तेच राहतं ना गं."

पुढच्या वर्षी अण्णांनी पुन्हा अर्ज भरला. वयात बसायचं ते माझं शेवटचं वर्ष. आईनं पुन्हा तीस प्रश्न काढले आणि पुन्हा त्या एका प्रश्नावरून पुढे गेली. मी मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं. यंदा तिनं नुसतं माझ्याकडे बघायचा अवकाश, मी नाव सांगून मोकळी होणार. मग काय व्हायचं ते होवो.

तीच खोली, तीच सिस्टर. मला कविता म्हणायला लावली. आईला नाव, पत्ता, मुलं किती. मग तो प्रश्न आला. मी तोंड उघडून तयार बसले होते. आईनं माझ्याकडे बघितलंच नाही. तिनं टेबलाची कड धरली आणि अण्णांचं नाव घेतलं. अण्णांचं, मग आजोबांचं, मग आडनाव, सगळं स्पष्ट, एका दमात. तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. कुणा परक्याचं असावं असं वाटलं. सिस्टरनं ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तिच्या लेखी काहीच झालं नव्हतं.

मला घेतलं. बाहेर आलो तर अण्णा सायकल धरून उभे. काय झालं, त्यांनी विचारलं. आईनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं आणि म्हणाली, "तुम्हाला बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीये? पोरीला घेतलं की नाही ते सांग."

"घेतलं," मीच म्हणाले.

अण्णा खूश होऊन सायकलवर टांग टाकायला गेले, तर आईनं हँडल धरलं. आज सायकलवर बसायचं नाही, चालत जायचं, म्हणाली. अण्णांनी मला डोळ्यांनीच विचारलं, हिला झालंय काय? मी मान फिरवली. दंडूपासून चामराजपेठेपर्यंत आम्ही तिघं चालत आलो. मोटारी येत होत्या, बस येत होत्या. आईनं अण्णांना आणि मला आतल्या बाजूला घेतलं होतं, आणि सगळी वाट ती रस्त्याच्या बाजूनं चालली.