कोरडं मशीन

आमच्या अंधेरीच्या क्लिनिकच्या पायरीवर बसून ती आधी दोन्ही हातांना लिंबू चोळायची आणि मगच आत यायची. "तुमच्या गार खोलीन मासलीचा वास कशाला," म्हणायची. मी तिथे ईसीजी काढतो. एवढी तयारी करून येणारी पेशंट मी दुसरी पाहिली नाही.

वर्सोव्याची कोळीण, साठीच्या पुढची, बाजारात पाटी घेऊन बसणारी. तुमच्याही बाजारात अशी एक असेल, भावावरून गिऱ्हाइकाला फाडून खाणारी आणि निघताना मूठभर करंदी जादा टाकणारी. मला ती पहिल्या दिवसापासून "बाला" म्हणायला लागली. चाळिशी उलटल्यावर बाळ म्हणणारं घरात कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी हरकत घेतली नाही.

पाटी उचलताना, बर्फ फोडताना तिला मधूनच अंधारी यायची. दोन क्षण, की पुन्हा ठीक. ईसीजी मात्र नॉर्मल यायचा. डॉक्टरांचा संशय वेगळा होता. मी तिला समजावलं, "मावशी, ठोका द्यायचा इशारा हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघतो. तो कधीकधी खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नाही."

तिने विचार केला. "म्हंजे तांडेल बोंबलतंय न् खलाशी झोपलेत."

होडीवरच्या म्होरक्याची ही गोष्ट मला आमच्या भिंतीवरच्या आकृतीपेक्षा बरी वाटली. अजूनही वापरतो.

"मंग त्यांना उठवायचा कसा?"

"पेसमेकर बसवतात. पण आधी ते झोपलेले सापडायला हवेत."

त्यासाठी तिच्या छातीला चोवीस तास ठोके टिपणारं मशीन बांधलं. सांगितलं, रोजची सगळी कामं करा आणि मशीनला पाणी लागू देऊ नका. हे मी दिवसातून चारदा म्हणतो. मासळीवालीला या दोन्ही गोष्टी एकत्र जमणार नाहीत, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती खुशीत आली. "बाला, तुजा मशीन भिजू नाय दिला. बाजारान गेलेच नाय. पाटीला हात नाय लावला. दिवसभर खाटेवर बसून रायले."

मी हसलो. "शाब्बास मावशी," म्हणालो आणि मशीन सोडवलं.

रिपोर्ट स्वच्छ आला. तिने दिवसभर काय केलं हे डॉक्टरांनी विचारलं नाही, ती बसून होती हे मी सांगितलं नाही. लपवलं नाही, सांगण्यासारखं वाटलंच नाही. पुढचा पेशंट शर्ट काढून बसला होता.

तीन आठवड्यांनी बाजारात बर्फाची लादी फोडताना ती खाली पडली, ती उठली नाही. मला भाजीवाल्याने सांगितलं. मी "अरेरे" म्हणालो, क्लिनिकला आलो आणि त्या दिवशी अकरा ईसीजी काढले. चूक माझी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

आता तिच्या जागी सून बसते. एकदा सासूबरोबर क्लिनिकला आली होती, परवा तिने मला ओळखलं. बांगडे तोलता तोलता म्हणाली, "दादा, आईंचा रिपोर्ट चांगला आलेला ना?"

"चांगला होता."

"मी पन सगल्यांना तेच सांगते. आपन काय कमी नाय केला."

मी मान हलवली आणि बांगडे साफ करून द्यायला सांगितलं.