लेखक अज्ञात

माझ्या पीएचडीच्या प्रबंधात पान २१४ वर एक खोटं आहे. ते मी स्वतः टाईप केलं आहे.

आज सकाळी उमरेडहून डोमाजींच्या नातीचा फोन आला. "आजोबा गेले. तुमचा नंबर त्यांच्या वहीत होता."

डोमाजी पराते. आमच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत वर्तमानपत्रांच्या फाईली सांभाळायचे. हुद्दा शिपाई.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी विदर्भातल्या विणकरांवर प्रबंध लिहीत होते. घरात माग कधी पाहिला नव्हता. कॉन्व्हेंटमधून आलेली मुलगी, स्वल्पविराम कुठे द्यायचा एवढं मात्र चोख येत होतं.

आणि आमच्या गाईडना तेवढंच हवं होतं.

सर परदेशात सहा महिने राहून आले होते. येताना संदर्भ कसे द्यायचे याचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. पुढची वीस वर्षं त्यांनी दुसरं काही वाचलं असेल असं मला वाटत नाही.

आधी म्हणाले, तळटीप द्या. वर्तमानपत्राचं नाव अधोरेखित, मग गाव, तारीख, पान, रकाना.

दिली. तीनशे पानं टाईप झाली.

मग म्हणाले, आता जगात असं कोणी करत नाही. लेखकाचं आडनाव आधी, पुढे कंसात वर्ष. पान शेवटी.

पुन्हा टाईप केली. कार्बन लावून, चार प्रती.

तिसऱ्यांदा पानाचा आकडाच नको झाला. महिन्याभराने तो परत हवा झाला.

बातमीत काय लिहिलंय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. विणकर जगले काय नि मेले काय, कंस बंद झाला पाहिजे.

माझ्या प्रबंधाचा सगळा भार एका बातमीवर होता. सूत मिळेना म्हणून उमरेडच्या कोष्ट्यांनी माग मोडून त्याचं लाकूड चुलीत घातलं, अशी ती बातमी. तिचं कात्रण मला डोमाजींनीच दिलं होतं. कडेला शाईने तारीख नि पान लिहिलेलं. मी विश्वास ठेवला, फाईल उघडून ताडून पाहिली नाही.

सरांनी त्यावर लाल पेन्सिल मारली. "लेखकाचं नाव कुठे आहे? नुसतं 'आमच्या वार्ताहराकडून' चालणार नाही. नाव शोधा."

कुठे शोधणार? तसंच पाठवलं.

मग बाहेरच्या परीक्षकांचं पत्र आलं. त्यांनी लायब्ररीची फाईल मागवून पाहिली होती. त्या तारखेला, त्या पानावर, त्या रकान्यात सर्कशीची जाहिरात होती. बातमी नव्हतीच. संदर्भ बनावट, प्रबंध नामंजूर करावा, असा त्यांचा अभिप्राय.

सर मला म्हणाले, "मी तुला कॅरेक्टरची मुलगी समजत होतो."

ज्या माणसाने मला चार वर्षं स्वल्पविराम मोजायला लावले, त्याने माझी बाजू चार मिनिटंही ऐकली नाही.

मी फाईलींच्या खोलीत जाऊन बसले.

डोमाजी म्हणाले, "काहून रडून राहिली वं ताई?"

सांगितलं.

"कोणती फाईल पाह्यली त्यायनं? ही? हे तं शहर आवृत्ती होय. आपली बातमी डाक आवृत्तीत होती."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. गावोगावी जाणारा अंक आधी छापायचे. शहराचा नंतर निघायचा, तेव्हा मधली पानं बदलायची. उमरेडची बातमी उमरेडला गेली. नागपूरला त्या जागी सर्कस दिली.

दुसऱ्या दिवशी ते उमरेडहून अख्खा अंक घेऊन आले. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. माथ्यावर छापलेलं, डाक आवृत्ती. पान तीन, रकाना पाच.

मी विचारलं, "तुमच्याकडे एक कात्रण, वरून हा अख्खा अंक. दोन कसे?"

"वार्ताहराले दोन अंक येत, ताई."

एवढंच म्हणाले आणि फडकं घडी करत बसले.

लायब्ररीत लागायच्या आधी आठ वर्षं ते उमरेडहून बातम्या पाठवत होते. त्या बातमीतला पहिला माग त्यांच्या वडिलांचा होता. चुलीत लाकूड सारताना डोमाजी शेजारी बसले होते.

मी धावत सरांकडे गेले. नाव सापडलं होतं ना.

सरांनी अंक पाहिला, समाधानाने मान हलवली. नाव ऐकल्यावर हसले.

"तो शिपाई? अगं, परीक्षक काय म्हणतील? आणि नाव छापलेलं नाही म्हणजे स्टाईलप्रमाणे लेखक नाही. 'डाक आवृत्ती' जोड. पुढे लिही, लेखक अज्ञात."

सर आणि परीक्षक दोघेही कधीच गेले. त्यांच्या शोकसभांमध्ये "ज्ञानतपस्वी" वगैरे झालं. मी मान हलवायच्या जागी मान हलवली आणि मौनाच्या जागी मौन पाळलं.

पण त्यांना नावं ठेवताना माझं नाव गाळण्यात अर्थ नाही. डोमाजींना मी विचारलं होतं, काय करू.

"राहू द्या. तुमी डिग्री घ्या. मले काय करायचं नावाचं?"

त्यांना काय करायचं होतं, ते मला कळत होतं. कोणी नुसतं जपून ठेवावं म्हणून दोन अंक पंधरा वर्षं ट्रंकेत ठेवत नाही.

तरी मी डिग्री घेतली.

आज दुपारी माझी प्रत काढली. पान २१४ वरचं 'लेखक अज्ञात' पेनने खोडलं. उद्या लायब्ररीच्या प्रतीतही खोडून येणार आहे. पुस्तकात पेन चालवणाऱ्या पोरांना डोमाजी फाईलींच्या खोलीतून हाकलून द्यायचे. मलाही हाकलतील.

पराते, डोमाजी. उमरेड. डाक आवृत्ती, पान ३, रकाना ५.

कोणत्या स्टाईलमध्ये बसतं ते ज्याचं त्याने पाहावं.

डोमाजी, उशीर झाला. नमस्कार.