गोजरा मोठाईनं गायलेला पाळणा

आमच्या किन्हीराजात बारसं म्हटलं की पहिलं बोलावणं गोजरा मोठाईले. मोठाई म्हणजे माह्या मोठ्या बाबाची बायको. पाळण्याजवळ बसली की कडवी जागच्या जागी जोडते. सासूले टोमणा, नवऱ्याले चिमटा, सगळं त्यात. बाया हसून हसून लोटपोट.

गेल्या पावसाळ्यात तिचा नातू शिवम गेला. आठ महिन्याचा होता. निमोनिया. वाशिमले नेलं तं लेकरायच्या आयसीयूत जागाच नाही. आता हे रोजचंच झालं. रिसोड, मानोरा, मंगरूळ, सगळीकडची लेकरं तिथंच येतेत आन् बेड तेवढेच. वऱ्हांड्यात चटया टाकून माणसं नंबर धरून बसली होती. एक बेड खाली होऊन राह्यला होता, डॉक्टर म्हणे शिवमले घेतो. मंग कुठून तरी फोन आला आन् त्या बेडवर आमच्याच गावच्या उकंडराव पाटलाचा नातू गेला. उकंडरावाची वरपर्यंत ओळख. पोट्ट्याले दोन उलट्या झालत्या, बस. मोठाईनं काचेतून पाह्यलं, तो पलंगावर बसून बिस्कीट खाऊन राह्यला होता. आमाले म्हटलं अकोल्याले जा. पातूरच्या घाटात शिवम मोठाईच्या मांडीवरच गेला.

तेव्हा वाटलं होतं उकंडरावाच्या ट्रॅक्टरचे सगळे टायर फाडून टाकावं. मोठाईनं गाणंच सोडलं. नंतर कोणाच्याच बारशाले गेली नाही.

आन् आता उकंडरावाच्या लहान पोराले पोरगी झाली. उकंडरावाची बायको स्वतः कुंकू घेऊन आमच्या दारात. म्हणे तुमच्याशिवाय पाळणा कसा हलन. तिच्या तोंडावर ना लाज ना भेव. विसरले होते ते लोक. खरंच विसरले होते. मोठाईनं गुपचूप कुंकू लावून घेतलं.

मी भांडली तिच्यासंग. काहून जातं त्यायच्या घरी म्हटलं.

"मले हिरवं लुगडं काढून दे," ती म्हणे. "आन् तू संग चाल."

पाळण्याले फुगे लावलेले. बाया आत, माणसं ओट्यावर. तो बिस्कीटवाला पोट्टा सगळ्यायच्या पायात पळत होता, लाल गालाचा. मोठाई पहिल्यासारखी गायली. बाया हसल्या. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटाले घेतल्या, पण मोठाईनं पाळण्याची दोरी सोडली नाही. त्याच चालीत, हळूच गायली:

काचेच्या खोलीत एकच पलंग,
बिस्कीट खाये त्यावर पाटलाचं लेकरू.
पातूरच्या घाटात थंडगार पडलं
गोजराच्या मांडीवर गोजराचं लेकरू.

घुगऱ्या वाटणारीचा हात तसाच राह्यला. उकंडराव दारात आला. म्हणे, "गोजराबाई, शुभ कामात असं गाते काय कोणी?"

मोठाई दोरी ओढतच होती. "पोरीले माहं आयुष्य लागो, तिचा काय गुन्हा? पण उकंडराव, तुमच्या घरात पाळणा हलला की शिवम आठवलाच पाहिजे तुमाले."

तो मागल्या पायी ओट्यावर निघून गेला. मले लय बरं वाटलं. लय म्हणजे लय. मी सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. घरी येताना म्हटलं गावाच्या ग्रुपवर टाकते. मोठाई म्हणे, "कायले? बाया हायेत ना."

परवा जऊळक्याले एक बारसं झालं. तिथं कोण्या बाईनं तेच कडवं गायलं. उकंडरावाची बायको पाहुणी म्हणून गेलती, घुगऱ्या न घेताच उठली म्हणते. मी पळत येऊन मोठाईले सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती. तिनं एवढंच विचारलं, चाल बरोबर धरली होती काय त्या बाईनं.