येण्या-जाण्याची नोंद

धरणगावच्या वाचनालयात अभिमन नाना ग्रंथपाल होते, आणि गावात त्यांच्याबद्दल दोनच मतं होती. एक, की माणूस फार हुशार आहे. दुसरं, की माणसानं इतकं हुशार असू नये. लग्नपत्रिका हातात दिली की नाना आधी खिशातलं लाल पेन काढत आणि मग लग्न कुणाचं ते वाचत. पत्रिका द्यायला आलेला पाहुणा बिचारा उभाच राही. चुका दाखवून झाल्या की नाना त्याला आग्रहानं चहा पाजत, कारण मनात खोट काही नव्हती. छापील गोष्ट चुकीची असावी, एवढं मात्र त्यांना सोसत नसे.

वाचनालयात पुण्याच्या एका कोशमंडळाचे अकरा जाडजूड खंड होते. नानांचा जीव त्या खंडांत. पण जग काही कोश छापून होईपर्यंत थांबत नाही. खंड कपाटात येऊन बसले आणि तिकडे जर्मनी एक झाली, सोव्हिएत संघ फुटला, नकाशे बदलले. नाना वर्तमानपत्रांतली कात्रणं काढत, बारीक अक्षरात दुरुस्तीची चिठ्ठी लिहीत आणि मैद्याच्या खळीनं त्या-त्या पानावर डकवत. कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालत. प्रत्येक दुरुस्तीचं एक पोस्टकार्ड पुण्याला जाई ते वेगळंच. मंडळानं पहिली दोन वर्षं आभार मानले, पुढची सहा वर्षं मौन पाळलं आणि पंचाण्णव साली, बहुधा कंटाळूनच, कळवलं की पुरवणी खंड काढत आहोत, तेव्हा आठ नोंदी आपणच सुधारून द्याव्यात. खंडाच्या शेवटी नाव छापू.

ते पत्र नानांनी दोन दिवस खिशात बाळगलं. भेटेल त्याला दाखवलं. साबणवाल्यालासुद्धा.

सात नोंदी महिनाभरात हातावेगळ्या झाल्या. आठवी होती ‘राजनैतिक संबंधांचे सामान्यीकरण’. नाव भारदस्त, पण मामला साधा. दोन देशांचं फाटतं, लढाया होतात, एकमेकांचे वकील परत पाठवले जातात, वर्षानुवर्षं तोंड बघत नाहीत. मग एक दिवस करार होतो आणि पुन्हा दूतावास उघडतात. जुन्या नोंदीत इजिप्त आणि इस्रायलचा एकोणऐंशीचा करार होता, अमेरिका आणि चीनही होते. नानांना त्यात ब्याण्णवचं भारत-इस्रायल घालायचं होतं, त्याच वर्षीचं चीन आणि दक्षिण कोरिया, चौऱ्याण्णवचं जॉर्डन-इस्रायल. सगळी कात्रणं तयार होती. पण नोंदीतल्या दुसऱ्याच वाक्यावर त्यांचं पेन अडलं. वाक्य होतं, ‘करारावर सह्या होताच उभयपक्षी संबंध पूर्ववत होतात.’

‘होतात!’ नाना रिकाम्या वाचनालयात मोठ्यानं म्हणाले. त्यांना एकाएकी भयंकर राग आला.

राग यायला कारण होतं, आणि ते घरच्या कपाटात स्टँपपेपरवर लिहिलेलं पडलं होतं. नानांची एकुलती एक लेक कुंदा दोंडाईच्याला चिंधा आबांच्या घरी दिलेली. लग्नात नवरदेवाच्या मामाला मानाचा फेटा बांधायचा राहून गेला. अशा चुका लग्नात होतात, हात जोडले की मिटतात. पण मामा रुसून मांडवाबाहेर गेले तेव्हा आमच्या नानांनी काय करावं? साखरपुड्याला झालेली देण्या-घेण्याची याद खिशातून काढली, भर मांडवात वाचून दाखवली आणि म्हणाले, ‘यात फेटा नाही.’ याद बरोबरच होती. नानांची याद चुकेल कशी? चिंधा आबा मात्र जे उठले ते जेवणावर पाणी सोडून गेले.

पुढे पंचांनी दोघांना बसवलं, कागद केला. ‘झालेगेले विसरून उभयपक्षी येणे-जाणे पूर्ववत सुरू राहील.’ दोन्ही व्याह्यांनी सह्या केल्या. नानांनी तर त्यातली एक वेलांटीही दुरुस्त केली. त्यानंतर तीन आखाज्या गेल्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात सासरी गेलेली प्रत्येक लेक माहेरी येते, निंबाला झोके बांधले जातात, खापरावर पुरणपोळ्या पडतात, आणि लेकीला आणायला माहेरचा मुराळी जातो. कुंदासाठी कुणी गेलं नाही. नानांचं म्हणणं असं, की जेवणावरून उठून ते गेले, तेव्हा पहिलं पाऊल त्यांनी उचलावं. कागदात तसं नव्हतं. कागदात कुणी आधी यावं हे लिहिलेलंच नव्हतं, आणि हे पंचांच्या लक्षात कसं आलं नाही याचंच नानांना नवल वाटे.

कुंदाची पत्रं येत. नवरा चांगला होता, भांडण काय ते दोन बापांचं. पत्राच्या शेवटी ती दर वेळी विचारी, की निंबाला झोका बांधला का. तिच्या पत्रातल्या चुका नानांनी कधी काढल्या नाहीत.

तर ते वाक्य नानांनी खोडलं आणि वर लिहिलं, ‘केवळ सह्यांनी संबंध पूर्ववत होत नाहीत, प्रत्यक्ष येणे-जाणे सुरू व्हावे लागते.’ आठही नोंदी पुण्याला रवाना झाल्या. पंधरा दिवसांनी मुद्रितं आली. सात नोंदींवर बरोबरची खूण. आठवीत त्या वाक्यापुढे समासात एकच शब्द होता, ‘आधार?’ सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, की ग्रंथाचा आधार द्यावा किंवा जुनं वाक्य कायम ठेवावं, मुद्रित दहा दिवसांत परत हवं.

दुसऱ्याला आयुष्यभर ‘आधार काय?’ विचारणाऱ्या माणसाला कुणी तरी पहिल्यांदाच तेच विचारलं होतं. नाना गडबडले. त्यांनी अकरा खंड चाळले, राज्यशास्त्राची पुस्तकं काढली, जळगावला जाऊन कॉलेजच्या ग्रंथालयात दोन दिवस बसले. सह्या, कलमं, तारखा, सगळं सापडलं. येण्या-जाण्याबद्दल कुणी अक्षर लिहिलेलं नव्हतं. मोठ्या लोकांना बहुधा माहेरं नसावीत.

आखाजी चार दिवसांवर आली. ओसरीवर नाना कात्रणं पसरून बसले होते आणि बेबाबाई, त्यांची बायको, शेजारी गहू निवडत होती. एरवी ती नानांच्या कागदांकडे बघतही नसे. त्या दिवशी तिनं विचारलं, “हाई कोनं भांडन शे?”

नानांनी तिला इजिप्त आणि इस्रायलचं सांगितलं. लढाया झाल्या, मग करार झाला, एकमेकांकडे वकील गेले. पुढे एकानं आपला वकील परत बोलावला, चार वर्षांनी पुन्हा धाडला.

“मंग त्या लोकेस्नं येनं-जानं शे का?”

“तसं फार नाही म्हणतात,” नाना म्हणाले. “पण कागद आहे. सह्या आहेत.”

“कागद आपला घर बी शे,” बेबाबाई म्हणाली. “सह्या शेतस, बठ्ठं शे. पन मनी पोर कोठे शे?”

ती गव्हाचं सूप घेऊन आत निघून गेली. चिडून नानांनी सगळी कात्रणं गोळा केली आणि काही तरी करायचं म्हणून तारखेप्रमाणे लावायला घेतली. हे त्यांचं नेहमीचं औषध. डोकं तापलं की तारखा लावायच्या.

अमेरिका आणि चीन. करार एकोणऐंशीचा. त्याच्या आधी बहात्तरला राष्ट्राध्यक्ष चीनला गेले होते, आणि त्याच्याही आधी एकाहत्तरला टेबलटेनिस खेळणारी पोरं गेली होती. इजिप्त. करार एकोणऐंशीचा, पण सत्त्याहत्तरला इजिप्तचे अध्यक्ष स्वतः विमानात बसून जेरुसलेमला गेले होते. ज्यांच्याशी चार लढाया झाल्या त्यांच्या दारात. तेव्हा कसलाच करार नव्हता. कुणी आधी यावं असं कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. ही सगळी माहिती जुन्या नोंदीत ‘पार्श्वभूमी’ म्हणून खाली बारीक टाइपात होती आणि नानांनी ती वीस वेळा वाचली होती.

आधी कुणी तरी गेलं होतं. कागद मागून आला. आपल्याकडे कागद आधी झाला आणि जायला कुणी उठलंच नाही. नानांना हे दिसलं आणि त्यांना लाज वाटली. खरीखुरी, कानाच्या पाळ्या तापवणारी लाज. तीन वर्षं आपण लेकीला एका कलमासाठी अडकवून ठेवलं, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी वादाचं वाक्य खोडलं. जुनंही ठेवलं नाही. नवं लिहिलं, ‘यांतील प्रमुख उदाहरणांत करारापूर्वी एका पक्षाने दुसऱ्याकडे जाण्यात पुढाकार घेतलेला दिसतो.’ आणि समासात ‘आधार?’च्या खाली एकाहत्तर, बहात्तर आणि सत्त्याहत्तरच्या तारखा मांडल्या. आता पुण्याच्या बापालाही ते खोडता आलं नसतं.

मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन ते म्हणाले, “उद्या मी दोंडाईच्याला जातो. कुंदाला आणायला.”

बेबाबाईनं तव्यावरून नजर उचलली. आनंद झाला होता, पण तो लगेच दाखवायची तिची तयारी नव्हती. “इतलं समजाले तुमले बुक लागनं?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्टेशनातल्या पेटीत मुद्रित टाकून नाना पॅसेंजरमध्ये बसले. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं. खिडकीतून वैशाखाची गरम हवा येत होती आणि नाना मनात वाक्यं जुळवत होते. दोंडाईच्याला उतरेपर्यंत त्यातलं एकही शिल्लक राहिलं नाही.

चिंधा आबा ओट्यावर बसले होते. व्याह्याला बघून ते उभे राहिले आणि ‘या’ म्हणाले. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. दारात कुंदा येऊन उभी राहिली. ती थोडी वाळली होती. बापाकडे बघून ती हसली नाही की रडली नाही, नुसती चौकट धरून राहिली.

“आबा, मी कुंदाले आखाजीले लेवाले ऊनू,” नाना म्हणाले. एरवी छापल्यासारखं बोलणारा माणूस, पण या क्षणी तोंडून घरचीच बोली आली. “फेटाना इसर मना. मामाना मान यादीमा राहत नही. चुकनं मनं.”

आबांनी खूण केली तशी त्यांची बायको प्रमिलाबाई तांब्या-पेला घेऊन बाहेर आली. आता इथे एक पेच होता. नानांच्या घराण्यात नातवंड होईपर्यंत बाप लेकीच्या सासरचं पाणी पीत नसे, आणि हे आबांना ठाऊक होतं. तरी त्यांनी पाणी मागवलं होतं. सगळे नानांच्या हाताकडे बघत होते. नानांनी पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. उन्हातून आल्यामुळे त्यांना तहानही खूप लागली होती. त्यांनी आणखी एक मागितला.

चिंधा आबा खळाळून हसले. “काय येडा लोके शेतस आपन, नाना,” ते म्हणाले. “आम्ही तुमनी वाट दखत बसनूत, तुम्ही आमनी वाट दखत बसनात. चालनं कोनीच नही.”

मग त्यांनी बायकोला पोरीचं सामान भरायला सांगितलं. प्रमिलाबाई आत गेली आणि लगेच परत आली. तिच्या हातात रेक्झिनची बॅग होती, चेन लावलेली, गच्च भरलेली. एवढ्या वेळात कुणाची बॅग भरून होत नाही. नाना बॅगेकडे बघतच राहिले.

“दर आखाजीले भरी ठेवस,” प्रमिलाबाई खाली बघत म्हणाली. “सन गया का परत सोडस.”

कुंदानं तोंडाला पदर लावला. तीन वर्षं ही बॅग भरली जात होती आणि रिकामी होत होती, आणि नाना धरणगावात बसून समजत होते की वाट पाहणारं घर एकच आहे. त्यांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही, लपवण्याइतकी उसंतच मिळाली नाही.

प्रमिलाबाईनं बॅग त्यांच्या पायाशी ठेवली. “आते ली जा,” ती म्हणाली. “पंधरा दिन झायात का मी सोता लेवाले इसू. दोन दिन ऱ्हासू बी.”

विहीण स्वतः न्यायला येणार, वर दोन दिवस राहणार, हे मात्र नानांनी कुणाकडून लिहून घेतलं नाही.