टरबुजांची चौपाटी

"आत्या समुद्रकिनारी राहायला निघाली," आईने सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. वर्धा जिल्ह्यातून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. आत्याचा समुद्र मात्र आर्वीच्या थोडा पुढे होता.

ही १९८४ च्या होळीनंतरची सहल. आत्या नुकतीच पुलगावच्या शाळेतून निवृत्त झाली होती. सत्तरच्या दशकात तिथलं धरण नवीन भरलं, तेव्हा नागपूरच्या एका शेठजींनी काठावर 'सागरविहार' वसाहत आखली होती: वाळूची चौपाटी, बंगले, नावा, क्लब. तिथे आत्याचा प्लॉट होता. आता त्यावर खोली बांधून एकटीने राहायचं तिच्या मनात होतं. बाबांची झोप उडाली.

"लोक म्हणतील, भावानं घराबाहेर काढलं. तू सोबत जा, अन् तिले समजावून परत आण. तुझं ऐकते ती."

हे साफ चूक. शाळेत जाण्याआधी मला अक्षरं आत्यानेच शिकवली, स्वयंपाकघरात बसवून. ऐकायची सवय मला होती, तिला नव्हती. तरी मी कारणं पाठ केली: साप, चोर, डॉक्टर, वीज. एकही कारण खोटं पडू नये, म्हणून शेजारच्या कंपाउंडरला सापांबद्दल विचारूनही आले.

जाणार असाल तर पुलगावहून छोट्या लाइनीच्या गाडीनेच जा. बस लवकर पोचते, पण गाडीची मजा तिला नाही. आमच्यासमोर शेतातल्या एका माणसाने डब्यातल्या मेहुण्याशी मेहुणीच्या लग्नाची बोलणी गाडीबरोबर चालता चालता उरकली. आर्वीच्या स्टँडवर आलूबोंडा खा, तर्री मागू नका; पुढचा एसटीचा रस्ता खड्ड्यांचा आहे. फाट्यावर उतरून पायी जायचं. सावली नाही, पाणी बरोबर घ्या.

आधी लागली कमान. तिच्यावर सिमेंटचा डॉल्फिन होता. शेठजींनी डॉल्फिन पाहिला नसावा; तो मिशा काढलेल्या वाघासारखा दिसत होता. आत 'शिंपला चौक' अशी पाटी आणि चौकात तीन शेळ्या. कपडे बदलायच्या खोल्यांपैकी 'पुरुष' लिहिलेल्या खोलीत कडबा भरलेला, 'स्त्रिया' लिहिलेलीत कांदे. खाली पाणी निळंशार, आणि पाण्यापर्यंत चौपाटीभर टरबुजांचे वेल. बुडणाऱ्यांवर नजर ठेवायच्या उंच खुर्चीवर एक बाई गोफण घेऊन बसली होती.

"पोहाले आल्या का?" तिने वरूनच विचारलं. "पोहा नं बापा, पन येलावर पाय देऊ नोका."

तिचं नाव यशोदाबाई. तिने सांगितला तो वसाहतीचा इतिहास असा. शेठजी ऐन मे महिन्यात आले, धरणाचं पहिलंच वर्ष, पाणी तळाशी गेलेलं, मोकळी वाळू दिसली. त्यांनी नकाशा काढला, प्लॉट विकले. पुढच्या उन्हाळ्यात पाहुणे टॉवेल घेऊन उतरले, तर किनाऱ्यावर टरबुजं.

"आमचं वावर धरनात गेलं," यशोदाबाई म्हणाली. "पानी उतरलं का ते वर येते, मंग आमी पेरतो. गाळपेर म्हन्तेत. वावर आमचं माहेरवाशीन हाय, पोरी. चार महिने येते, मंग जाते."

"आणि शेठजी?" मी विचारलं.

"लय भांडला. मंग टरबूज खाल्लं. मंग आलाच नाई."

प्लॉट शोधत आम्ही वर चढलो, यशोदाबाई मागोमाग; तर त्यावर तिचीच गवताने शाकारलेली खोपडी.

"रिकामं होतं, बसलो," ती म्हणाली. हसत होती, पण हातातली गोफण तिने घट्ट गुंडाळली. "बांधून राह्यल्या का बाई तुमी? मंग राखनीले मी बसू कुठी?"

आत्या खोपडीच्या दाराशी पाण्याकडे तोंड करून बसली. मग मला म्हणाली, "भावाने पढवून पाठवलेलं राहू दे. तुला काय वाटतं ते सांग. बांधू?"

साप तोंडाशी आला होता. पण तिचा चेहरा इतका निवांत मी घरी कधी पाहिला नव्हता.

"बांधू नकोस," मी म्हणाले. "यशोदाबाईचं बिऱ्हाड उठेल. पावसाळ्यात इथे चिटपाखरू नसतं. पण परत चल, असंही मला म्हणवत नाही."

"हात्तिच्या!" यशोदाबाई म्हणाली. "मी काय बारमाही राह्यतो का इथं? पानी चढलं का गावात जातो. बाई, तुमी बी माह्यासंगं खोपडीत ऱ्हा. टरबूज सरलं का घरी जाजा. गोफन येते का?"

"शिकेन," आत्या म्हणाली. निवृत्त मास्तरणीच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

परतीला मी एकटीच. गाडीभर मला साप दिसत होते.

बाबा फाटकात उभे होते.

"घर बांधणार नाही ती," मी आधी तेच सांगितलं.

"शाबास! अन् आहे कुठी ती?"

"तिथेच, एका बाईच्या खोपडीत. टरबुजं संपेपर्यंत."

ते खूप चिडले. लोक काय म्हणतील ते पुन्हा सगळं म्हणाले. रात्री न जेवता उठले. सकाळी मात्र मी बघते तो आत्याची चादर, कंदील आणि कंपाउंडरकडून आणलेली सापावरची पावडर पिशवीत भरून ते चपला घालत होते.

"त्या बाईले विचारायचं राह्यलं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोपडीत तिसऱ्याले जागा आहे का?"