क्लॅरीला कोणीतरी सांगा

क्लॅरी डन्स्टन गोंधळलेला माणूस होता आणि तो ते लपवत नसे. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगमध्ये जन्मभर बस चालवली. रस्ते तेवढे पाठ, बाकी सगळं विचारून. बायको, जोन, गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून तो आमच्या मालिकेत बसायला आला. अक्षरशः बसायला. 'हिरवळ बंद आहे' ही आमची विनोदी मालिका, हिरवळीवर चेंडू घरंगळवणाऱ्या क्लबातल्या सात तऱ्हेवाईक सभासदांची. बारच्या कोपऱ्यात ग्लास धरून बसायचं, एवढंच त्याचं काम. मालिकेतही त्याचं नाव क्लॅरीच. दुसरं त्याच्या लक्षात राहिलं नसतं.

कागद वाटायचं काम माझं. सात नटांना पूर्ण पटकथा, कोपऱ्यातल्यांना आपापलं पान. हा धंद्याचा रिवाज आहे, त्यात कोणाचा अपमान नाही.

पहिलं पर्व आपटलं. आपटणारच. सातही जण बाजारात गाडी लावल्यासारखे आपापला विनोद घेऊन उभे. शेजारच्याचं ओरडून झालं की आपण ओरडायचं, त्याचं ऐकतो कोण? चॅनेलकडे दुसरं काही तयार नव्हतं म्हणून दुसरं पर्व मिळालं, आणि आमचा निर्माता ह्यू जणू स्वतःच लढाई मारून आल्यासारखा मिरवू लागला.

त्या पर्वाच्या सुरुवातीलाच एका भागात क्लबचा चषक चोरीला जातो. क्लॅरीच्या पानावर एकच वाक्य होतं, "माझी बस चुकेल." समोर प्रेक्षक बसलेले, कॅमेरे चालू. त्याने ते वाक्य म्हटलंच नाही. तो क्लबच्या अध्यक्षीणबाई झालेल्या नरेलकडे वळला.

"थांब गं जरा. चषक नेला कोणी? ह्याने? हाच तर मघापासून शोधतोय."

नरेल मुरलेली नटी. ती डगमगली नाही. "अरे, नेला त्यानेच आणि शोधतोयही तोच."

"का पण?"

"त्यात त्याच्या मांजरीची राख आहे."

"काहीतरीच काय," दुसरा मध्ये पडला. "मांजर जिवंत आहे. क्लॅरी, हिचं ऐकू नकोस."

बघता बघता सातही जण त्याच्याभोवती जमले, एकमेकांना खोटं पाडत त्याला समजावू लागले. प्रेक्षक हसून हसून आडवे झाले. मी मात्र त्याचं पान पुन्हा काढून तपासलं, कारण ते मी दिलेलं. पण आमच्या लेखिकेने, टॅम्सिनने, ते तसंच ठेवलं. पुढे प्रत्येक भागात ती लिहू लागली, 'इथे सगळे क्लॅरीला सांगतात.' आता दुसऱ्याला खोडून काढायचं तर आधी तो काय म्हणाला ते ऐकावं लागतं. सातही जण एकमेकांचं ऐकू लागले.

मालिका धावत सुटली. बेकरीत लोक क्लॅरीला सांगायचे, "क्लॅरी, ही रांग पावाची, ती केकची." तो मनापासून आभार मानायचा.

तिसरं पर्व मिळणार की नाही, हे शेवटच्या भागावर ठरणार होतं. ह्यूला अचानक उदारपणा सुचला. "एवढा लाडका माणूस आणि हातात एक पान? त्याला पूर्ण पटकथा द्या." मी दिली. क्लॅरीने ती घरी नेऊन, पेन्सिलीने खुणा करून वाचली.

तालमीत त्याला सगळं माहीत होतं. नरेल सांगायला लागली तर हा आधीच मान डोलावतो. त्याला सांगण्यासारखं काही उरलंच नाही. सातही जण पुन्हा आपापल्या गाडीवर गेले. ह्यू माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पुढच्या वेळी त्या जागी कोणी खरा नट बघू." क्लॅरी दोन पावलांवर उभा होता.

दुपारच्या सुट्टीत तो बाहेर थर्मास घेऊन बसला होता. मी शेजारी बसले.

"रॉझ, माझं कुठे चुकतंय गं? यावेळी तर अभ्यास केला मी."

"तुझं काही चुकत नाही."

"टीव्ही बघताना मी जोनला सारखं विचारायचो. हा कोण, ती का रडतेय. ती म्हणायची, गप्प बस आणि बघ. आणि मग सांगायचीच. ती गेल्यावर टीव्ही लावणं सोडलं मी." त्याने चहा ओतला, प्यायला मात्र नाही. "इथे सात जणं सांगायची. आता तेही गेलं म्हणायचं."

मला फार वाईट वाटलं आणि ह्यूचा भयंकर राग आला. मी तडक टॅम्सिनकडे गेले. "शेवट बदल. आणि क्लॅरीला कळू देऊ नकोस."

तिने माझ्याकडे बघितलं आणि लिहायला बसली. संध्याकाळी मी सातांना नवे कागद वाटले. क्लॅरीला एक पान दिलं. "माझी बस चुकेल."

चित्रीकरणात बंद पडायला आलेला क्लब भलत्याच माणसाने विकत घेतला. क्लॅरी ग्लास खाली ठेवून उभा राहिला. "थांबा, थांबा. हा कोण?" सातही जण धावले. मी पडद्यामागे डोळे पुसत होते.

तिसरं पर्व मिळालं. त्या दिवशी लॅमिंग्टन केकवर सगळे तुटून पडले, आणि तोंडाला खोबरं लागलेला क्लॅरी मध्येच म्हणाला, "एक सांगा. पहिल्यांदा मालिका लोकांना आवडली नाही, आता आवडली. असं का?"

"शीर्षकाची नवी धून," ह्यू म्हणाला.

"धून? अरे, माझा केसांचा टोप बदलला म्हणून," नरेल म्हणाली.

"लिखाण असतं बरं का मालिकेला," टॅम्सिन म्हणाली, आणि मग सगळेच त्याच्याभोवती जमून एकमेकांना खोडू लागले. क्लॅरी याच्याकडून त्याच्याकडे बघत होता.

मला कारण माहीत होतं. अगदी जिभेवर आलं होतं.

"तुला काय वाटतं, रॉझ?"

"मलाही नीट कळलेलं नाही," मी म्हटलं.

"मग बस," तो म्हणाला आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. "हे सगळे सांगतायत."